हेवी मेटल ऐकायला सुरुवात करताय? कुठले अल्बम, कुठल्या क्रमाने आणि कसे ऐकायचे

हेवी मेटल ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बऱ्याच जणांचं काय होतं, की कोणीतरी मेटलवेडा मित्र त्याला स्वतःला जे आवडतं ते एकदम टोकाचं काहीतरी लावून देतो, पाच मिनिटं नुसत्या किंकाळ्या आणि धडधड कानावर आदळते आणि "बाबा हे आपलं काम नाही" म्हणून माणूस कायमचा बाजूला होतो. दुसरा प्रकार म्हणजे 'सगळ्यात भारी शंभर मेटल गाणी' वगैरे प्लेलिस्ट लावायची, त्यात चाळीस बँड, प्रत्येकाची एक-दोन गाणी, आणि शेवटी कुठल्याच बँडची धड ओळख होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मेटल कळतं ते रिफमधून. रिफ म्हणजे गिटारवर परत परत वाजणारा तो छोटा तुकडा ज्याच्यावर अख्खं गाणं उभं असतं. आणि रिफ कानात बसायला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा लागतो, त्याला शॉर्टकट नाही. खाली जो क्रम दिलाय तो मी ज्यांना ज्यांना मेटल ऐकायला लावलंय त्यांना देतो तोच आहे, आणि त्यात माझी मतं भरपूर आहेत ती लपवणार नाही.

पायरी १ – शफल बंद करा आणि 'मशीन हेड' लावा

डीप पर्पलचा 'मशीन हेड', १९७२. फक्त सात गाणी, चाळीस मिनिटांच्या आत संपतो. हा हार्ड रॉक आहे, मेटल म्हणाल तर अजून पूर्ण झालेलं नाही, पण मेटलला लागणारं सगळं सामान इथे आहे आणि आवाज इतका स्वच्छ आहे की प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, नवीन माणसाला नेमकं तेच हवं असतं.

ह्या अल्बमची गोष्ट माहिती असली तर ऐकायला अजून मजा येते. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात गेली, तिथल्या कसिनोत अल्बम करायचा ठरलेलं, तर त्याच कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कसिनो जळून गेला. मग यांनी सीझन नसल्यामुळे बंद असलेलं ग्रँड हॉटेल घेतलं, तिथल्या कॉरिडॉरमध्ये सामान मांडलं, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ म्हणजे रेकॉर्डिंगचा ट्रक उभा केला आणि तिथे अल्बम केला. तळ्यावर पसरलेल्या त्या धुरावरूनच 'स्मोक ऑन द वॉटर' आलं.

आता हेच गाणं कानाच्या व्यायामासाठी वापरायचं. सुरुवातीला रिची ब्लॅकमोरची गिटार एकटी रिफ वाजवते. मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) येते, मग ऑर्गन, मग पूर्ण ड्रम्स, मग बास गिटार, आणि त्यानंतर इयन गिलन गायला लागतो. एकेक थर चढत जातो. डोळे मिटून ऐका आणि प्रत्येक वाद्य आलं की मनात त्याचं नाव घ्या. यातला ऑर्गन नीट ऐका कारण जॉन लॉर्ड तो हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे त्यालाही गिटारसारखीच धार आलीय, नवीन ऐकणाऱ्याला दोन गिटार आहेत असंच वाटतं. हे एकदा जमलं की पुढचे सगळे अल्बम सोपे जातात, खरंच सांगतो, कारण 'सगळं सारखंच वाटतं' ही तक्रार मुळात वाद्यं वेगळी ऐकू येत नाहीत म्हणून असते.

पायरी २ – एकच अल्बम तीनदा

पहिल्यांदा नुसता ऐका, काही शोधू नका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स आणि बासकडे लक्ष. तिसऱ्यांदा गिटार, आणि हातात लिरिक्स घेऊन शब्द. तिन्ही वेळा एकाच दिवशी ऐकायची गरज नाही, उलट मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, रिफ आपोआप डोक्यात वाजायला लागला तर समजा काम झालं. हेडफोन असेल तर उत्तम कारण मेटलमध्ये दोन गिटार बऱ्याचदा डाव्या-उजव्या कानात वाटलेल्या असतात. इक्वलायझर सपाट ठेवा, तो 'बास बूस्ट' का काय असतो तो आधी बंद करा, त्याने डबल बेस ड्रमचा (दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रम्सचा) नुसता चिखल होतो. आणि आवाज मोठा पाहिजे हे खरं असलं तरी कान दुखेपर्यंत नको, ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तुम्ही फार मोठ्याने ऐकताय, आणि असं होत राहिलं तर कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

पायरी ३ – ब्लॅक सॅबथ, आणि इथे घाई नको

आता मूळ गाव. बर्मिंगहॅमची चार पोरं, पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, वार शुक्रवार, आणि रेकॉर्डिंग जवळजवळ एका दिवसात उरकलेलं. पहिलं गाणं पावसाच्या आवाजाने आणि घंटेने सुरू होतं आणि मग तो रिफ येतो. तीन स्वर फक्त. सरगम कळणाऱ्यांसाठी सांगतो, सा, मग वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम, आणि त्या तीव्र मध्यमावर तो थरथरत थांबतो. बस्स, एवढंच. पंचमावर आला असता तर कानाला बरं वाटलं असतं, पण तो पंचमाच्या अर्धा स्वर आधीच थांबतो आणि म्हणून पोटात गोळा येतो. पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली तरी त्या रिफइतकं भीतीदायक काही फार कमी लोकांना जमलंय.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्याबद्दल हे माहिती पाहिजेच की तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात त्याचा उजवा, म्हणजे नेमकी कामाची बोटं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटार सैल ट्यून केली म्हणजे तारांचा ताण कमी होईल. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' मध्ये काही गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरवलेली आहे आणि त्यामुळे जो जाड, जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज आला त्याच्यावर पुढे डूम, स्लज, स्टोनर असे अख्खे प्रकार उभे राहिले.

बहुतेक लोक 'पॅरानॉइड' पासून सुरू करा म्हणतात, तो १९७० मध्येच आला, सगळ्यात प्रसिद्ध आहे आणि चांगलाच आहे यात वाद नाही. पण माझ्या मते नवीन माणसाने आधी 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ऐकावा. छोटा आहे, पस्तीस मिनिटांच्या आत, आयोमीच्या खोकल्याने सुरू होतो आणि लगेच रिफ, फालतू एक सेकंद नाही. 'पॅरानॉइड' मधली गाणी तुम्ही नाहीतरी कुठेतरी ऐकलेलीच असतात, त्यामुळे कान आधीच सरावलेला असतो आणि आपण नीट ऐकत नाही. दुसऱ्या फेरीत गीझर बटलरचा बास ऐका, तो गिटारच्या मागे मागे जात नाही, रिफच्या मधल्या जागा भरत जातो, आणि ड्रमर बिल वॉर्डच्या वाजवण्यात जॅझ आहे, सरळ ठोका फार कमी वेळा देतो. हे दोघं नसते तर आयोमीचे रिफ इतके हलले नसते असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर १९७५ चा 'सॅबोटाज' ऐका, लोक याला विसरतात आणि थ्रॅशचं (पुढे आलेल्या वेगवान मेटलचं) बी त्यात दिसतं.

पायरी ४ – १९८० हे एकच वर्ष घ्या

ही पायरी मला सगळ्यात आवडते. १९८० मध्ये काय काय आलं बघा, एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील', मोटरहेडचा 'एस ऑफ स्पेड्स', आयर्न मेडनचा पहिला अल्बम, ब्लॅक सॅबथचा 'हेवन अँड हेल' आणि ऑझी ऑस्बर्नचा 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ'. सगळं एका वर्षात! हे सहा अल्बम मागोमाग ऐकलेत तर हार्ड रॉक कुठे संपतो आणि मेटल कुठे सुरू होतं हे कोणी व्याख्या न देता कळतं.

'बॅक इन ब्लॅक' – गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला, आणि जुलैमध्ये नवीन गायक ब्रायन जॉन्सनला घेऊन यांनी हा अल्बम आणला, कव्हर पूर्ण काळं कारण शोक. इथे ऐकायचं ते फिल रडचे ड्रम्स आणि मधली शांतता. एसी/डीसी रिफ वाजवतात आणि थांबतात, त्या थांबण्यात सगळी ताकद आहे. निर्माता मट लँग, त्याने प्रत्येक आवाज इतका नेमका ठेवलाय की आजही साऊंडवाले लोक स्पीकर तपासायला हा लावतात. तरीपण मला मनापासून विचाराल तर १९७८ चा 'पॉवरेज' जास्त आवडतो, त्यात बॉन स्कॉटचं लिखाण सगळ्यात खरं आहे, पैसे नसलेल्या माणसाचं आहे.

'ब्रिटिश स्टील' – प्रीस्टने ब्लूज काढून टाकला, म्हणजे सॅबथ आणि पर्पल यांच्यात जो ब्लूजचा झोका होता तो इथे नाही, सरळ, टोकदार, लोखंडी. तेव्हा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाज हवा तेव्हा वाजवणारं यंत्र) वगैरे सर्रास मिळत नव्हते म्हणून काच फुटण्याचा आवाज पाहिजे तर खऱ्या बाटल्या फोडल्या आणि यंत्रमानव चालल्यासारखा आवाज पाहिजे तर चमचे-काट्यांचा ट्रे हलवला. ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग या दोघांच्या सोलोमधला फरक ओळखायला शिका, टिप्टन बांधून वाजवतो आणि डाउनिंग सोडून देतो, दोन-तीनदा ऐकल्यावर कोण वाजवतंय ते लगेच कळतं.

'एस ऑफ स्पेड्स' मध्ये लेमी बास गिटार चक्क रिदम गिटारसारखी कॉर्ड मारत वाजवतो, त्यामुळे तिघंच असून भिंत उभी राहते. पंक आवडणाऱ्या लोकांना इथून आत या असं सांगतो. मेडनच्या पहिल्या अल्बमबद्दल आत्ता एवढंच की गाणी भारी, रेकॉर्डिंग साधं, त्यांच्याकडे परत येणार आहोत.

पायरी ५ – माणसांचा माग काढा

मेटलमध्ये लोक सतत बँड बदलतात आणि नवीन माणसाला याचा फार फायदा होतो. एखादा माणूस आवडला ना, की तो आधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला ते बघायचं, पुढचा अल्बम तुम्हाला सापडलाच.

उदाहरण देतो. 'मशीन हेड' मध्ये तुम्हाला ब्लॅकमोर आवडला. तो १९७५ मध्ये पर्पल सोडून रेनबो काढतो आणि गायला घेतो रॉनी जेम्स डिओला. १९७६ चा 'रायझिंग' – सहा गाणी, तेहेतीस मिनिटं, आणि दुसऱ्या बाजूला फक्त दोन गाणी, दोन्ही आठ मिनिटांच्या वर. त्यातलं 'स्टारगेझर' म्हणजे एका जादूगारासाठी मनोरा बांधणाऱ्या गुलामांची गोष्ट, मागे म्युनिकचा ऑर्केस्ट्रा, कोझी पॉवेलचे ड्रम्स नुसते कोसळतात, आणि डिओचा आवाज शेवटाकडे असा वर जातो की अंगावर काटा येतो, दरवेळी येतो. कोणी मला एकच अल्बम सांग म्हणालं तर मी 'रायझिंग' सांगतो, सत्तरच्या दशकात याच्या तोडीचं दुसरं काही नाही असं माझं मत आहे आणि त्यावर कितीही वेळ वाद घालायला तयार आहे.

डिओ मग रेनबो सोडतो, तिकडे सॅबथने १९७९ मध्ये आपल्या गायकाला, ऑझीला, काढलेलं असतं, डिओ तिथे जातो आणि 'हेवन अँड हेल' होतो. तोच आयोमी, पण गायक बदलल्यावर रिफच बदलले, कारण ऑझी रिफच्या बरोबरीने गायचा आणि डिओ रिफच्या वरून स्वतःची वेगळी चाल काढतो. दोन्ही एकामागोमाग ऐकून बघा. ऑझीसुद्धा रडत बसला नाही, त्याला रँडी ऱ्होड्स नावाचा गिटारवाला मिळाला, पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकलेला, शिकवणारा, आणि 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ' आणि १९८१ चा 'डायरी ऑफ अ मॅडमन' एवढं करून मार्च १९८२ मध्ये विमान अपघातात गेला, वय फक्त पंचवीस. 'डायरी' जास्त खोल आहे, 'ब्लिझार्ड' पटकन आवडतो. मग डिओने स्वतःचा बँड काढला, १९८३ चा 'होली डायव्हर', त्यातला गिटारवाला व्हिव्हियन कॅम्पबेल पुढे डेफ लेपर्डमध्ये गेला. असा हा धागा ओढत गेलात की संपत नाही.

वाजवणाऱ्यांइतकंच रेकॉर्ड करणाऱ्यांचंही नाव बघा. मार्टिन बर्च हे नाव लक्षात ठेवा. 'मशीन हेड' चा इंजिनिअर तो, 'रायझिंग' चा निर्माता तो, 'हेवन अँड हेल' चा तोच, आणि १९८१ च्या 'किलर्स' पासून १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क' पर्यंत आयर्न मेडनचे अल्बमही त्याचेच. म्हणजे आपल्याला जो 'क्लासिक मेटल' चा आवाज वाटतो त्यातला केवढा तरी भाग एका माणसाच्या कानाचा आहे, पण त्याचं नाव फार कमी लोक घेतात याचं मला वाईट वाटतं.

पायरी ६ – आयर्न मेडन, क्रमाने

मेडन तुकड्यातुकड्यात ऐकू नका. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' पासून १९८८ च्या 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' पर्यंत पाच अल्बम आहेत, ते त्याच क्रमाने घ्या. पहिल्यामध्ये ब्रूस डिकिन्सन आला, दुसऱ्यात म्हणजे 'पीस ऑफ माइंड' मध्ये ड्रमर निको मॅकब्रेन आला. बँडची ती सुप्रसिद्ध घोडदौड ऐका, टगडग टगडग टगडग, स्टीव्ह हॅरिस ती बासवर पिक न वापरता बोटांनी वाजवतो. एकदा कानात बसली की पायच थांबत नाही.

'पॉवरस्लेव्ह' (१९८४) ला लोक सर्वोत्तम म्हणतात. पहिली दोन गाणी आणि शेवटची दोन गाणी जबरदस्तच, शेवटचं तेरा मिनिटांच्या वर, कोलरिजच्या जुन्या खलाशाच्या कवितेवर, मध्ये सगळं थांबतं आणि नुसती जहाजाची करकर आणि बास गिटार. पण मधली चार गाणी मला कधीच तितकी भिडली नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही पडतं गाणं नाही असा अल्बम म्हणजे 'सेव्हन्थ सन'. कीबोर्ड आहेत म्हणून तेव्हाच्या काही लोकांनी नाकं मुरडली, पण गोष्ट एक, वातावरण एक, ज्या छोट्या अकूस्टिक तुकड्याने सुरू होतो त्यानेच संपतो.

मेडन झाल्यावर लगेच प्रीस्टचा १९९० चा 'पेनकिलर' लावा. दहा वर्षांपूर्वीच्या 'ब्रिटिश स्टील' वाला हाच बँड हे खरं वाटणार नाही. नवीन ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिस पहिल्या सेकंदापासून तुटून पडतो आणि रॉब हॅलफर्ड इतक्या वरच्या पट्टीत गातो की बस्स. ज्यांना हा जड जाईल त्यांनी थोडे दिवस थांबावं, ज्यांना आवडेल ते पुढच्या पायरीला तयार.

पायरी ७ – थ्रॅश

वेग वाढला, रिफ लहान झाले, आणि उजव्या हाताचं काम सुरू झालं. थ्रॅश ऐकताना सोलो राहू दे बाजूला, उजवा हात ऐका. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं की जो दबका 'जुग-जुग' आवाज येतो त्याला पाम म्यूट म्हणतात, जेम्स हेटफील्ड तो बहुतेक वेळा फक्त खालच्या दिशेने मारतो, वर-खाली नाही, म्हणून मेटॅलिकाचे रिफ इतके एकसारखे आणि कठीण ऐकू येतात.

मेटॅलिकाचे 'राइड द लाइटनिंग' (१९८४) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) शेजारी शेजारी ऐका, एक गंमत दिसेल. दोन्हीत आठ गाणी. दोन्ही शांत अकूस्टिक गिटारने सुरू होऊन मग फुटतात. दोन्हीत दुसरं गाणं अल्बमच्या नावाचं, चौथं गाणं संथ सुरू होऊन चढत जाणारं, आणि शेवटाकडे एक मोठं वाद्यसंगीत. ठरवून केलेला आराखडा आहे, आणि दुसऱ्यांदा तो जास्त पक्का झालाय. तरी माझं मत 'राइड' कडे, त्यात अजून भूक दिसते. त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, आणि १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' मध्ये नवीन बासवाल्याचा आवाज मिक्समध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही, रिफ भारी असून तो अल्बम कोरडा वाटतो तो त्यामुळे. १९९१ चा काळा अल्बम बहुतेकांनी आधीच ऐकलेला असतो, चांगला आहे, पण थ्रॅश नाही.

स्लेअरचा 'रेन इन ब्लड', १९८६, दहा गाणी आणि एकोणतीस मिनिटांच्या आत खेळ खलास. हा तुकड्यात ऐकायचा विचारसुद्धा करू नका, एका बैठकीत. निर्माता रिक रुबिन, त्याने सगळा घुमारा काढून टाकला, त्यामुळे एवढ्या वेगातही डेव्ह लोम्बार्डोचा प्रत्येक ठोका वेगळा कळतो. शेवटी पाऊस पडतो. सॅबथचा पहिला अल्बम पावसाने सुरू झाला होता हे आठवलं की बरं वाटतं.

मेगाडेथ – डेव्ह मस्टेनला १९८३ मध्ये मेटॅलिकातून काढलं आणि त्या रागातून त्याने हा बँड काढला, परत माणसाचा माग! १९९० चा 'रस्ट इन पीस' आधी ऐका. मार्टी फ्रीडमनचे सोलो इतर कोणासारखेच नाहीत, भलत्याच स्वरावरून सुरू करतो आणि मींड घेत घेत बरोबर जागी येतो. वाजवण्याच्या दृष्टीने थ्रॅशमध्ये याच्यापुढे कोणी गेलेलं नाही. अँथ्रॅक्सचा 'अमंग द लिव्हिंग' (१९८७) पण घ्या, चौघांत सगळ्यात उत्साही.

पायरी ८ – गुरगुरणारा आवाज कसा पचवायचा

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात. ग्राउल म्हणजे तो घशातून काढलेला खोल आवाज, त्यात चाल शोधायला जाल तर सापडणार नाही. त्याला तालवाद्य समजा, तो ड्रम्सबरोबर कुठे पडतो ते ऐका, चाल गिटारमध्ये आहे ती तिथे ऐका.

सुरुवात ओपेथच्या २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क' ने करा. मिकाएल ओकरफेल्ट ग्राउलही करतो आणि अतिशय मऊ, साधं गातोही, एकाच गाण्यात दोन्ही, त्यामुळे कानाला मध्ये मध्ये विसावा मिळतो आणि ग्राउल कशासाठी आहे तेही समजतं. मग डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक' (१९९५). चक शुल्डिनर हा माणूस या अख्ख्या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांपैकी, २००१ मध्ये ३४ व्या वर्षी गेला, आणि पहिल्या अल्बममधल्या रक्त-मांसाच्या गोष्टींपासून 'सिम्बॉलिक' मधल्या बालपण, विश्वासघात असल्या विषयांपर्यंत तो आठ वर्षांत आला. लिरिक्स वाचत ऐका, लोक डेथ मेटलबद्दल जे समजतात ते सगळं खोटं ठरतं. याच्याही पुढे जायचं तर मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९).

ग्राउल नकोच असेल तर काही बिघडत नाही, दुसऱ्या वाटा आहेत. संथ आणि दुःखी हवं तर कँडलमासचा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६). आनंदी आणि वेगवान हवं तर हेलोवीनचे 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' चे दोन भाग. गोष्ट हवी तर क्वीन्सरायकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' (१९८८). ताल हवा तर ब्राझीलच्या सेपल्टुराचा 'रूट्स' (१९९६), त्यासाठी ते शावांती या आदिवासी जमातीत जाऊन राहिले आणि त्यांच्याबरोबर रेकॉर्ड केलं. ब्लॅक मेटल मी मुद्दाम इथे घेत नाही, त्याचा मुद्दामच खरखरीत ठेवलेला आवाज पहिल्या काही महिन्यांत ऐकण्यात अर्थ नाही.

पायरी ९ – कुठली आवृत्ती ऐकताय ते बघा

हे कोणी सांगत नाही आणि नवीन माणूस इथे फसतो. एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या असतात आणि 'रीमास्टर' (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने बसवून परत काढलेली आवृत्ती) लिहिलं की चांगलंच असणार असं काही नाही. बऱ्याच रीमास्टरमध्ये सगळ्याचा आवाज वर ढकललेला असतो, मग हळू आणि जोरात यातला फरकच उरत नाही आणि वीस मिनिटांत कान थकतो. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' मुळातच असा दाबून मास्टर केला होता, इतका की गिटार हिरो या गेममध्ये आलेली त्याच गाण्यांची आवृत्ती जास्त मोकळी वाटते म्हणून चाहते ती शोधायला लागले.

काही वेळा तर मूळ गाणं-वाजवणंच बदललेलं असतं. 'रस्ट इन पीस' २००४ मध्ये परत मिक्स करताना काही ठिकाणी गाणं नव्याने गायलेलं आहे, म्हणून मूळ १९९० चं मिक्स मिळालं तर तेच घ्या. सगळ्यात वाईट प्रकार ऑझीच्या पहिल्या दोन अल्बमचा झाला, २००२ च्या आवृत्तीत बॉब डेझली आणि ली कर्सलेक यांचे मूळ बास आणि ड्रम्स पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. रँडी ऱ्होड्स ज्यांच्याबरोबर वाजवत होता ती माणसंच गायब. चाहते चिडले आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वाजवणं परत आलं. तेव्हा 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ' किंवा 'डायरी' लावण्याआधी, विशेषतः जुनी सीडी कोणाकडून घेत असाल तर, वाजवणाऱ्यांची नावं वाचा. डेझली आणि कर्सलेक असतील तर घ्या, ट्रुहियो आणि बॉर्डिन असतील तर परत ठेवा.